बरोबरच्या डावीकडे

आमच्या यादीत ती तक्रार तीन वर्षं पडून होती. क्रमांक चार हजार एकशे सात. 'बरोबरच्या चिन्हावर क्लिक केलं की काहीच होत नाही.' खाली तक्रार करणाऱ्याने सभ्यपणे लिहिलं होतं, 'घाई नाही.' घाई नाही असं लिहिलेल्या तक्रारीचं सगळीकडे जे होतं तेच तिचंही झालं. ती दर महिन्याला एकेक पायरी खाली सरकत गेली.

मी ज्या कंपनीत आहे ती प्रोग्रामर लोकांसाठी एडिटर बनवते. म्हणजे ज्या खिडकीत ते दिवसभर कोड लिहितात, ती खिडकी. मोठ्या कामात लाखभर ओळी असतात, त्या कोणाला पाठ नसतात, म्हणून एडिटरमध्ये एक सोय असते. कुठल्याही नावावर क्लिक करा, ते नाव मुळात जिथे लिहून ठरवलंय तिथे एडिटर तुम्हाला नेऊन सोडतो. मूळ जागेवरून उलटंही विचारता येतं, 'हे कुठे कुठे वापरलंय?' मग यादी येते. ही ने-आण माझ्याकडे आहे, गेली नऊ वर्षं. घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं तर मी सांगते, पत्ते शोधून देते. त्यावर सहसा पुढे कोणी विचारत नाही.

बरोबरच्या चिन्हाला पत्ता नसतो, असं आम्ही धरून चाललो होतो. उजवीकडचं उचलून डावीकडे ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण काही भाषांमध्ये लिहिणाऱ्याला मुभा असते की माझ्या वस्तूंपुरता बरोबरचा अर्थ मी ठरवीन. मग दिसायला तेच दोन आडव्या रेघांचं चिन्ह, आणि त्याच्या आड भलतंच काहीतरी चाललेलं. वाचणाऱ्याला वाटतं, ठेवलं. प्रत्यक्षात काय झालं ते चिन्हाकडे बघून कळत नाही. आमच्या एडिटरलाही कळत नव्हतं.

ती तक्रार करणारा माणूस मला भेटला तो कामामुळे नाही. बाबांमुळे.

बाबा पोहायला शिकवायचे. चौतीस वर्षं, एकाच तलावावर. गळ्यात शिट्टी असायची, पण त्यांनी ती वाजवल्याचं कोणाला आठवत नाही. गरजच पडायची नाही. तलावाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलाला "पाय सरळ" म्हणाले की मधल्या आठ जणांचे पाय सरळ व्हायचे. कान पाण्याखाली असतानाही त्यांचा आवाज ऐकू यायचा. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी त्यांच्या स्वरयंत्रात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. बाबांनी खिशातला रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. म्हणाले, "ठीक आहे. बोलून झालंय बऱ्यापैकी."

त्याच डॉक्टरांनी आम्हाला त्या दवाखान्याचा पत्ता दिला. तिथे ऑपरेशनच्या आधी माणसाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवतात. नंतर चष्म्याच्या डबीएवढं एक यंत्र देतात. त्याच्या बारीक कळांवर टाइप करायचं, की ते तुमच्याच आवाजात बोलतं.

रेकॉर्डिंगची खोली लहान होती. भिंतींना राखाडी स्पंज, न कुरकुरणारी खुर्ची, पाण्याचा पेला टेबलावर वाजू नये म्हणून त्याखाली कापडाचा तुकडा. चार दिवसांत सोळाशे वाक्यं वाचायची होती, आणि वाक्यं अशी की त्यात भाषेतले सगळे उच्चार यावेत. 'पिवळ्या दारामागे शिडी ठेवली आहे.' 'झाकण घट्ट बसत नाही.' बाबा मध्येच थांबून म्हणाले, "ही शिडी मला आयुष्यात कधी लागणार आहे?" काचेपलीकडे बसलेला माणूस हसला आणि म्हणाला, "आजोबा, मध्येच थांबलात, परत वाचावं लागेल." कानामागे पेन्सिल खोचलेला तो माणूस त्या दवाखान्याचा एकुलता एक प्रोग्रामर. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पेन्सिल ठेवलं, आणि तेच चालू राहिलं.

मी कुठे काम करते ते कळल्यावर त्याने पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "चार हजार एकशे सात माझी आहे," तो म्हणाला.

मला कुठे बघावं कळेना. "करायचीच आहे ती," मी म्हणाले.

"घाई नाही," तो म्हणाला, आणि त्याला तसंच म्हणायचं होतं.

चौथ्या दिवशी चारच्या सुमाराला शेवटचं वाक्य झालं. पेन्सिलने कळ दाबली, पडद्यावर एक पट्टी भरत गेली, तो म्हणाला, "आला यंत्रात." आम्ही चालत घरी निघालो. चौकात बाबांना सिग्नल दिसत नव्हता, त्यांनी विचारलं, "हिरवा झाला का?" मी म्हणाले, झाला. आम्ही रस्ता ओलांडला. घरी आल्यावर चप्पल काढताना त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

ऑपरेशनला अजून आठ दिवस होते. डॉक्टर म्हणाले, अशा घशाने सोळाशे वाक्यं वाचली, ताण पडणारच. मला पटलं. अजूनही, नुसतं तेवढंच बघितलं तर, पटण्यासारखं आहे.

ऑपरेशन सुरळीत झालं. तीन आठवड्यांनी बाबांच्या हातात ती डबी आली. त्यांनी एका बोटाने शोधत शोधत टाइप केलं, आणि डबी बाबांच्या आवाजात म्हणाली, "या कळा कोणाच्या बोटासाठी केल्यात?" मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ ओट्याला धरून उभी राहिले.

पहिली गोष्ट झाली ती इतकी लहान होती की आज सांगतानाही संकोच वाटतो. त्यांनी टाइप केलं, 'पाणी दे.' डबी म्हणाली, "पाणी दे. कोमट." त्यांनी डबीकडे बघितलं. त्यांना कोमटच लागतं. मी कोमट दिलं.

मी पेन्सिलला फोन केला. "पुढचा शब्द स्वतः सुचवतं का ते?"

"नाही. लिहिलेलं बोलतं. दुसरं काही येत नाही त्याला."

मग घसा खाकरणं सुरू झालं. फोनवर बोलण्याआधी खाकरायची बाबांची सवय होती, पण रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हती. प्रत्येक खाकरलेलं वाक्य पेन्सिलने परत वाचायला लावलं होतं. डबी मात्र फोन उचलल्यावर आधी खाकरायची. एकदा आत्याचा फोन आला. ती नेहमीप्रमाणे रडायला लागली. बाबांनी टाइप केलं, 'मी बरा आहे.' डबी म्हणाली, "मी बरा आहे. तू रडलीस की मला खोटं बोलावं लागतं." पलीकडून आत्या म्हणाली, "बरं, नाही रडत." बाबांचं बोट कळांवर तसंच राहिलं होतं. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. त्यांच्या मनातलंच होतं ते. पण मनातलं मनात ठेवायचं की नाही, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, एका दुपारी, मी घरूनच काम करत होते. वारा सुटला होता. बाबांनी टाइप केलं, 'खिडकी लाव.'

"खिडकी लाव," डबी म्हणाली. मी उठले. खिटी सरकवली. मग मागून, बऱ्याच वेळाने, खालच्या पट्टीत, डबी म्हणाली, "त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं."

कुठल्या दिवशी ते विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात 'तो दिवस' एकच आहे. मी नऊ वर्षांची होते. बाबांच्या तलावात माझ्याच वयाची एक मुलगी बुडाली. खोल टोकाला, भर सकाळी, वीस-पंचवीस सेकंदांत. बाबांनीच उडी मारून तिला वर काढलं, पण उशीर झाला होता. चौकशी झाली. बाबांनी सांगितलं की ते काठावर उभे होते, पाण्याकडे बघत होते आणि दिसताक्षणी उडी मारली. इतरांनीही तेच सांगितलं. त्यांच्यावर ठपका आला नाही. ते आणखी वीस वर्षं त्याच काठावर उभे राहिले. घरी त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, आणि आम्हीही कधी विषय काढला नाही.

बाबांनी डबीचं बटण दाबून ती बंद केली. वही ओढली आणि लिहिलं, 'मी हे टाइप केलं नाही.'

मी पुढच्या ओळीची वाट बघितली. त्यांनी पेनला टोपण लावलं.

त्या दिवसापासून त्यांनी डबीला हात लावला नाही. फळीवर, भिंतीकडे तोंड करून, ती पडून राहिली. ते काही लागलं तर वहीत लिहायचे, आणि तेही कमी होत गेलं. चौतीस वर्षं तलाव दणाणून सोडणारा माणूस मला 'मीठ' एवढाच शब्द लिहून दाखवायचा. मी दोनदा म्हणाले, नवीन डबी मागू. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना डबीची नाही, त्यातल्या आवाजाची भीती बसली होती.

मी पेन्सिलला सगळं सांगितलं. मुलीचं सोडून. तो म्हणाला, "आवाज यंत्रात जातो ती एकच ओळ आहे. डावीकडे यंत्र, उजवीकडे माणसाचा आवाज, मध्ये बरोबर. हा कोड माझ्या आधीच्या माणसाने लिहिलाय, आणि त्याने बरोबरचा अर्थ स्वतः ठरवलाय. त्या बरोबरच्या आत नक्की काय चालतं ते मला तीन वर्षांत सापडलेलं नाही. म्हणून तर तुमच्याकडे तक्रार केली."

दुसऱ्या दिवशी मी चार हजार एकशे सात स्वतःच्या नावावर घेतली. आमचा टीमलीड म्हणाला, "एवढ्या दिवसांनी हिची आठवण?" मी म्हणाले, "एकाला लागतेय." त्याने खांदे उडवले.

काम आठ दिवसांचं निघालं. आमच्या एडिटरच्या लेखी बरोबर हे स्वल्पविरामासारखं नुसतं विरामचिन्ह होतं. त्याला आधी नावाचा दर्जा द्यायचा. मग त्याच्या डावीकडे कुठल्या जातीची वस्तू आहे, उजवीकडे कुठल्या जातीची, ते काढायचं, आणि त्या जोडीला लागू पडणारा अर्थ शोधून तिथे माणसाला पोचवायचं. एक मेख अशी की एखादी वस्तू जन्माला येताना लिहिलेलं बरोबर वेगळं आणि नंतर कधी लिहिलेलं वेगळं. दिसायला सारखंच, पण पत्ते दोन. आणि दुसरी मेख म्हणजे कॉपी आणि मूव्ह. कॉपी केली तर उजवीकडचं जागच्या जागी राहतं. मूव्ह केलं तर जे होतं ते डावीकडे जातं आणि उजवीकडे रिकामं टरफल उरतं. त्या दोघांनाही चिन्ह तेच. मी त्रेसष्ट चाचण्या लिहिल्या. सगळ्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास.

दवाखान्यात जायच्या आधी मी बाबांसमोर बसले. म्हणाले, "आत काय आहे ते मी बघणार आहे. जमलं तर दुरुस्त करू. तुम्हाला ते कसं बोलायला हवंय?"

त्यांनी लिहिलं, 'मी म्हणेन तेवढंच.'

मंगळवारी तीन वाजता मी पेन्सिलच्या खोलीत नवीन एडिटर त्याच्या कॉम्प्युटरवर चढवला. उन्हाची तिरीप कीबोर्डवर पडली होती. त्याने एक फाइल उघडली. आधी इकडच्या तिकडच्या ओळी करून बघितल्या. बरोबरवर क्लिक केलं की एडिटर त्याच्या मूळ जागी नेऊन सोडत होता, चुकत नव्हता. पेन्सिल प्रत्येक वेळी "अरे वा" म्हणत होता. मलाही बरं वाटत होतं. आपलं काम कोणी समोर बसून वापरताना फार क्वचित बघायला मिळतं.

"आता ओळ तीनशे बारा," तो म्हणाला.

डावीकडे यंत्र, उजवीकडे माणसाचा आवाज. मी बरोबरवर क्लिक केलं.

एकाच अर्थाकडे जाण्याऐवजी यादी आली. तीन पत्ते. पहिला कॉपीचा, दुसरा मूव्हचा. दोघांपुढे फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा. तिसऱ्यापुढे काहीच नव्हतं. फाइल नाही, ओळ नाही. आणि चालणारा अर्थ दाखवणारा ठिपका होता तो या तिसऱ्यापुढे.

"तुमचा बग," पेन्सिल म्हणाला.

"असणार," मी म्हणाले. मी माझ्या कोडमध्ये पहारा लावला, पायरी पायरीने चालवून बघितलं. डावीकडची जात काढली, बरोबर होती. उजवीकडची काढली. तिच्या जागी रिकामं होतं. अशी जात नसते. जात सापडली नाही तर माझा कोड तिथेच थांबतो, चूक दाखवतो. तो थांबला नव्हता. त्याला उत्तर मिळालं होतं.

मी तिसऱ्या पत्त्यावर क्लिक केलं.

कोरं पान उघडलं. वर नाव नाही. एक महिरपी कंस उघडलेला, एक मिटलेला. मध्ये काही नाही. कर्सर त्या दोघांच्या मध्ये लुकलुकत होता.

"रिकामंय," पेन्सिल म्हणाला. "म्हणजे हे काहीच करत नाही."

"मग आवाज डावीकडे पोचतो कसा?"

मी उलटं विचारलं, हे कुठे वापरलंय. यादीत नऊ नोंदी आल्या. नऊही तीनशे बाराव्या ओळीच्या. एक ओळ एकदाच यायला हवी.

"तुमच्याकडे आजवर किती जणांचे आवाज घेतलेत?"

"आजोबांना धरून?" तो थांबला. "नऊ."

त्याने उठून कपाटातून कागदी फायली काढल्या. प्रत्येकीत नर्सच्या हातची एक नोंद होती, रुग्ण स्वतःच्या तोंडाने शेवटचं कधी बोलला त्याची. त्याने एकेक तारीख वाचली आणि मी पडद्यावर रेकॉर्डिंग पूर्ण झाल्याची तारीख बघितली.

नऊच्या नऊ जुळल्या.

"ताण पडतो," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले तसं."

पेन्सिलच्या हातात सहावी फाइल होती. "या बाईंचं ऑपरेशन झालंच नाही," तो म्हणाला. "गाठ साधी निघाली. घसा स्वच्छ आहे, आम्ही दोनदा आत बघितलं. पण आवाज काही आला नाही. आम्ही त्यांना सांगितलं, मनाचं आहे."

बाहेरच्या खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली.

आम्ही दोघं त्या दोन कंसांकडे बघत बसलो.

मग आम्हा दोघांनाही जे येत होतं ते आम्ही केलं. तीनशे बाराव्या ओळीतलं बरोबर काढून टाकलं. त्या जागी स्पष्ट शब्दांत लिहिलं, मूळ रेकॉर्डिंगची कॉपी कर. चिन्हच उरलं नाही म्हणजे त्याचा अर्थ लावायचा प्रश्न उरला नाही. बाबांची डबी मी सोबत आणली होती. पेन्सिलने ती तारेला जोडली.

"आत आत्ता जे आहे ते पुसलं जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"कुठे जाईल?"

"पुसलेलं कुठे जात नसतं," मी म्हणाले. हे मी नवशिक्यांना नेहमी सांगते.

पट्टी भरली. मी पुन्हा विचारलं, हे कुठे वापरलंय. यादी रिकामी आली. पेन्सिल म्हणाला, बाकीच्या आठांना मी बोलावून घेतो. मी निघताना त्याने पेन्सिल कानामागे खोचली आणि ती खाली पडली, आणि तो ती उचलायचं विसरला.

घरी डबी टाइप केलेलं तेवढंच बोलू लागली. खाकरणं गेलं. आवाज बाबांचाच, पण सूचना वाचून दाखवल्यासारखा. मला तो थोडा परका वाटला. बाबांना नाही. पहिल्या दिवशी त्यांनी 'पाणी दे' टाइप केलं, डबी "पाणी दे" म्हणाली आणि थांबली. बाबांनी खांदे सैल सोडले. मी मुद्दाम विचारलं, "कसं?" त्यांनी टाइप केलं, "कोमट." दोघंही हसलो.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते माझ्याकडे पाठ करून बसले होते आणि बराच वेळ टाइप करत होते. मला वाटलं आत्याला काही निरोप असेल. पंधरा मिनिटांनी ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी कळ दाबली.

"चौकशीत मी खोटं बोललो नाही. मी पाण्याकडेच बघत होतो. पण उथळ टोकाकडे. तू पहिल्यांदा हात सोडून तरंगत होतीस. डोळे मिटले होतेस. मी मोजत होतो. वीसपर्यंत मोजलं. तेवढ्यात ती गेली. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा पाण्यात उतरली नसतीस."

डबीने हे सगळं एका सुरात वाचलं, 'पिवळ्या दारामागे शिडी' वाचलं होतं तसं. त्यामुळेच ते मला ऐकता आलं.

त्या सकाळचं मला एवढंच आठवत होतं की मी डोळे उघडले तेव्हा वर आभाळ होतं आणि काठावर बाबा. ते माझ्याकडे बघत होते, बोटं मोजत. पुढचा आरडाओरडा त्याच सकाळचा, हे मी कधी जोडलंच नव्हतं. लहानपणातली चांगली गोष्ट कोणती असं कोणी विचारलं तर मी तीच सांगत आले. माझं तरंगणं.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "मी नऊ वर्षांची होते, बाबा."

त्यांनी मान डोलावली. मग टाइप केलं, "छान तरंगलीस." आणि मग माझा हात हातात घेतला. त्यांच्या हाताचा तळवा गरम होता. मला रडू आलं नाही. कुठेतरी बरीच वर्षं आवळून धरलेलं सैल झालं, आणि ते माझं होतं की त्यांचं, हे मला सांगता येणार नाही.

जेवणं झाल्यावर बाबा आतल्या खोलीत खिडकीशी बसले, पुढ्यात डबी आणि वही. मी बाहेरच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. सोमवारी दुरुस्ती सगळ्यांकडे जाणार होती. चार हजार एकशे सात बंद करायची होती. त्याआधी एकदा शेवटची खात्री म्हणून दवाखान्याच्या कोडची जी प्रत माझ्याकडे होती ती उघडली. तीनशे बारावी ओळ बघितली. तिथे आता बरोबर नव्हतं.

बंद करण्याआधी सवयीने उघडी पानं बघितली. पेन्सिलच्या कॉम्प्युटरवर उघडलेलं ते नाव नसलेलं पान इथेही होतं. दोन कंस, मध्ये कर्सर.

मी विचारलं, हे कुठे वापरलंय.

एक नोंद आली.

तिच्यापुढे फाइल नव्हती. ओळ नव्हती. प्रोग्रामचं नावही नव्हतं. मी तिच्यावर क्लिक केलं. पडद्यावरचं काही हललं नाही. फक्त खालच्या पट्टीत एक सूचना आली. निघायची जागा आणि पोचायची जागा एकच असेल तेव्हाच येते ती, मीच लिहिलेली आहे. 'तुम्ही आधीच तिथे आहात.'

मी पुन्हा क्लिक केलं. तीच सूचना.

बाबांना हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

"बाबा," आतल्या खोलीतून डबी म्हणाली. आवाज माझा होता.

दारातून मला बाबा दिसत होते. त्यांनी मान वर केली, वही ओढली, त्यात 'काय गं?' लिहिलं, आणि वही उचलून डबीसमोर धरली.